आवाज न आलेले नऊ भाग

श्रावण लागण्याच्या आदल्या रविवारी, संध्याकाळी साडेपाच वाजता, वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेकडच्या एका दुकानातून मी चार चॅनेलचा ऑडिओ मिक्सर चार हजार तीनशे पन्नास रुपयांना घेतला. हजर दोघे, मी आणि दुकानदार. तिसरं कोणी नव्हतं.

दुकानात बाकी सगळा माल लग्नाच्या आणि गणपतीच्या मंडपांचा होता. माणसाएवढे स्पीकर, रंगीत फिरते दिवे. त्यात माझा मिक्सर म्हणजे पुस्तकाएवढा. दुकानदाराने विचारलं, "गाता का काका?"

"नाही. वाचतो."

"मग यूएसबीवाला घ्या ना. एक वायर, थेट कॉम्प्युटरला. झंझटच नाही."

त्याला दोन हजार शंभर जास्त पडत होते. मी घरून बघून आलो होतो. मुलीच्या जुन्या कॉम्प्युटरला मागच्या बाजूला एक निळं भोक आहे आणि ते बाहेरचा आवाज आत घेण्यासाठीच असतं. मी ते सांगितलं. मग त्याने वायर काढली. एका टोकाला बारीक पिन, दुसऱ्या टोकाला दोन जाड पिना, पँटच्या दोन पायांसारख्या. किंमत तीनशे ऐंशी. म्हणाला, "बारीक पिन तुमच्या निळ्या भोकात. हे दोन पाय मिक्सरच्या लेफ्ट आणि राइटला."

शेजारीच खुंटीला एक सरळ वायर होती. एका टोकाला एक जाड, दुसऱ्याला एक बारीक. एकशे साठ.

"ही नाही चालणार?"

"लागेल. पण मिक्सरला आउटपुट दोन असतात, काका."

"मी एकटाच वाचणार आहे. एका माणसाच्या आवाजाला दोन तारा कशाला?"

मग "तुमची मर्जी" म्हणून त्याने सरळ वायर पिशवीत टाकली. दोनशे वीस रुपये वाचले. स्टेशनपासून उमेळ्यापर्यंत मी चालत आलो आणि वाटेत त्या दोनशे वीस रुपयांचं समाधान माझ्याबरोबर होतं.

आता वाचायचं काय होतं ते सांगतो. आमची वाडी उमेळ्यात होती. केळी, पानवेल, मोगरा. सात घरं, सगळी भाऊबंदांची. श्रावणात रोज दिवेलागणीनंतर आमच्या ओटीवर पोथी लागायची. वडील वाचायचे. पोथीचे त्यांनी तीस सारखे भाग पाडले होते आणि कडेला तांबड्या शाईने खुणा केल्या होत्या, म्हणजे महिन्यात बरोबर पूर्ण व्हावी. ऐकणाऱ्यांचं काम हुंकार देण्याचं. दर ओवीच्या शेवटी वडील थांबायचे. समोरून कोणीतरी "हं" म्हणायचं, की पुढची ओवी. हुंकार आला नाही तर ते पुढे जायचे नाहीत. रागावायचे नाहीत, काही बोलायचे नाहीत, नुसते बोट ओवीवर ठेवून बसायचे. एका वर्षी क्रिकेटचा मोठा सामना होता. ओटीवर कोणी फिरकलं नाही. वडील पोथी मिटून तासभर बसले. शेवटी काकी, माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको, चुलीवरचं उतरवून, पदराला हात पुसत आली, भिंतीला टेकली आणि म्हणाली, "हं. बोला." त्या दिवशी एका बाईने पूर्ण भाग ऐकला.

वडील गेल्यावर वाचन माझ्याकडे आलं. मग वाडी बिल्डरला गेली. सात घरांचे सोळा फ्लॅट झाले. त्यातले अकरा विकले गेले किंवा भाड्याने गेले. भाऊबंद विरारला, नालासोपाऱ्याला, एक ठाण्याला. काकी मुलाबरोबर भुईगावला राहायला गेली. त्याच जागेवरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, मी आणि बायको राहिलो. पहिली दोन वर्षं पाच-सहा जण श्रावणात येत होते. लिफ्ट बंद असली की तीन. त्याच्या पुढच्या वर्षी बायको आणि शेजारच्या आजीबाई. गेल्या वर्षी आजीबाई गावी गेल्या, आणि बायको ज्येष्ठातच मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली, ती दिवाळीपर्यंत येणार नव्हती. म्हणजे ऐकणारे शून्य.

तेव्हा मी ठरवलं की वाचून, ध्वनिमुद्रण करून, रोजचा भाग भाऊबंदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा. ग्रुपवर तेवीस जण आहेत. तेवीस माणसं ओटीवर कधीच मावली नसती.

नुसत्या फोनवर केलं असतं तर खर्च शून्य होता. करून पाहिलं. समोरच्या प्लॉटवर पायाचं काम चाललेलं, त्याची धडधड, सोसायटीचा पंप, रिक्षाचे भोंगे, सगळं माझ्या आवाजाच्या बरोबरीने आलं. कामाची गोष्ट करायची तर नीट करावी असा माझा स्वभाव आहे. तेराशेचा माइक घेतला, जो तोंडाजवळचंच ऐकतो. मग तो कॉम्प्युटरला जोडायला मिक्सर.

जोडणीला दोन संध्याकाळी गेल्या. पहिल्यांदा मी पिन चुकून गुलाबी भोकात घातली. आवाज फाटका आला. निळ्यात घातली तर आवाज आला, पण मागे सतत एक घूं. मिक्सरचा प्लग एका भिंतीला, कॉम्प्युटरचा दुसऱ्या. दोन्ही एकाच बोर्डावर घेतले आणि घूं थांबली. कोणी सांगितलं नव्हतं, माझं मीच शोधलं. हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं. रात्रीचं जेवण झाल्यावर बायकोला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. दूध तापवलंत का?"

मुलीच्या खोलीत खिडकीला गादी उभी लावायची. पंखा बंद. फ्रिज बंद, कारण तो मधेच गुरगुरतो. पंप सात ते साडेसात चालतो, म्हणून वाचन सात चाळीसला. मिक्सरवर हिरवा दिवा लागला की आवाज पुरेसा, पिवळा लागला की थोडं मागे सरकायचं, तांबडा लागता कामा नये. सरासरी चौतीस मिनिटं. मग हेडफोन लावून थोडं ऐकायचं. आवाज फार भारी वाटायचा. डोक्याच्या मधोमध न येता दोन्ही बाजूंनी, मागून कुठूनतरी आल्यासारखा. मला वाटलं, मिक्सरने हा फरक पडतो. चार हजार तीनशे पन्नास उगीच नाहीत.

मग कॉम्प्युटरवरूनच ग्रुपवर पाठवायचं. फ्रिज चालू करायचा. एकदा विसरलो, अर्धा लिटर दूध नासलं.

पहिल्या दिवशी चौदा जणांनी हात जोडले. म्हणजे ती जोडलेल्या हातांची खूण टाकली. चुलतभावाने लिहिलं, "अतिशय प्रासादिक वाचन." एका भाचीने लिहिलं, "आजोबांची आठवण आली, डोळे भरले." बायकोने अंगठा टाकला. मी एका कागदावर तारीख आणि हातांची संख्या लिहू लागलो. चौदा, चौदा, तेरा, पंधरा. नवव्या दिवशी चौदा. ओटीवर कधी इतके हुंकार आले नव्हते. तरी पाठवून झाल्यावर, गादी खिडकीवरून काढताना, घर असं काही शांत व्हायचं की मी उगीच भांडी घासायला घ्यायचो.

दहाव्या दिवशी सकाळी मी ऑफिसच्या तयारीत होतो. भुईगावहून फोन आला. काकी. तिला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. तिच्याकडे स्वतःचा फोन नाही, सुनेच्या फोनवरून बोलते, आणि जोरात बोलते.

"काय रे मेल्या, पोथी वाचतोस का मौन पाळतोस?"

"काय झालं काकी?"

"काय झालं म्हनजे? नऊ दिस फोन उशाला लावून बसते. सून लावून देते. ती पट्टी सरकते, मिन्टं पळतात. पन एक अक्षर येत नाय."

"येत नाही म्हणजे? आवाज बारीक येतो?"

"बारीक नाय, जाड नाय. येतच नाय. चौतीस मिन्टं नुसती शांती."

मी म्हटलं, सुनेच्या फोनमध्ये बिघाड असेल. मागून सुनेचा आवाज आला, "भावोजी, बाकी सगळं वाजतं हो. तुमचंच वाजत नाही."

"मग काकी, नऊ दिवस बोलली का नाहीस?"

तिने आवाज खाली आणला. मग म्हणाली, "मला वाटलं, बायको घरात नाय, पोर एकटा बसलाय पोथी घेऊन, कंठ फुटत नसंल. आज नाय तर उद्या फुटंल. म्हनून बसत होते. काल सुनेनं वाचून दाखवलं, ह्याला समदे हात जोडतात, लय सुंदर म्हनतात. तवा मला शंका आली."

फोन ठेवून मी पहिल्यांदाच, माझ्या स्वतःच्या फोनवर, पहिला भाग लावला. पट्टी सरकू लागली. मिनिटं पळू लागली. फोन कानाला लावला. काहीच नाही. दुसरा लावला, पाचवा लावला, नववा लावला. मी नऊही वेळा कॉम्प्युटरवरची प्रत तपासली होती, पाठवलेली प्रत एकदाही तपासली नव्हती. आमच्या ऑफिसात नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो. जावक नोंदली म्हणजे पत्र पोचलं असं नसतं.

त्या दिवशी ऑफिसातून लवकर निघून दुकानात गेलो. दुकानदाराने माझी फाईल त्याच्या फोनवर लावली, मग हेडफोनवर लावली, मग हसला. मग माझा चेहरा बघून हसू आवरलं.

"सरळ वायर लावली ना?"

"हो."

"काका, मिक्सरच्या त्या एका भोकातून आवाज दोनदा बाहेर येतो. एक सुलटा, एक उलटा. मोठ्या सिस्टीममध्ये त्याचा उपयोग असतो. तुमच्या वायरने सुलटा गेला डाव्या बाजूला आणि उलटा गेला उजव्या. हेडफोनला दोन कानांना दोन वेगळे, म्हणून ऐकू येतं. साध्या फोनला स्पीकर एकच. तो दोन्ही एकत्र करतो."

"आणि?"

"आणि मायनस. काहीच उरत नाही."

हे मला दुसऱ्यांदा समजावून सांगायला लागलं नाही. जमेला जेवढी रक्कम तेवढीच नावे. दोन्ही बाजू भरलेल्या, बाकी शून्य. मी चौतीस मिनिटं वाचत होतो आणि ज्या सावकाशीने, ज्या स्पष्टपणे वाचत होतो, त्याच सावकाशीने माझाच आवाज माझा आवाज पुसत होता.

"फाईली वाया नाही गेल्या," दुकानदार म्हणाला. "प्रोग्राममध्ये उजवी बाजू काढून टाका, डावी ठेवा. वाजेल." आणि न विचारता त्याने दोन पायांची वायर काउंटरवर ठेवली. मी तीनशे ऐंशी दिले. तो म्हणाला, "जुनी आणून द्या, शंभर परत देतो." मी म्हटलं, नको. चूक माझी होती.

घरी येऊन नऊही भागांची उजवी बाजू काढून टाकली. प्रत्येकी दोन मिनिटं. एकेक माझ्या फोनवर, उघड्या स्पीकरवर, सुरुवात, मध्य आणि शेवट ऐकून पाहिला. मग ग्रुपवर लिहिलं, "पहिल्या नऊ भागांत माझ्या जोडणीच्या चुकीमुळे बहुतेक फोनवर आवाज येत नव्हता. दुरुस्त प्रती पाठवत आहे. तसदीबद्दल क्षमस्व." आणि नऊ फाईली पाठवल्या.

पंधरा जणांनी हात जोडले. चुलतभावाने लिहिलं, "क्षमा कसली, आवाज अगदी खणखणीत होता."

कोणावर आरोप करायचा नाही. ज्याने हेडफोन लावला असेल त्याला खरंच ऐकू आलं असेल. त्या भाचीने लावला असेल कदाचित. चौदांतले किती, ते मला कळायला मार्ग नाही, आणि विचारणंही बरं दिसलं नसतं. पण एवढं कळलं की ते हात म्हणजे हुंकार नव्हते. तो कागद मी तेव्हाच बंद केला.

बायकोला मात्र विचारलं. तिला विचारता येतं.

"खरं सांग. पहिले नऊ ऐकलेस?"

"अहो, लावत होते."

"लावत होतीस आणि आवाज येत नव्हता, हे कळलं नाही?"

ती म्हणाली, "तुमची पोथी येते तेव्हा बाळाला निजवायचं असतं, लेकीला जेवायला वाढायचं असतं. फोन ओट्यावर असतो. कुकरच्या शिट्टीत मला तुमचा काय, माझाही आवाज येत नाही. लावलं की बरं वाटायचं, तुम्ही तिकडे वाचताय म्हणून."

"मग आता ते नऊ ऐकशील?"

"खोटं कशाला बोलू? नाही व्हायचं. अंगठा टाकू का?"

"नको."

"बरं. रागावलात?"

"नाही," मी म्हटलं, आणि खरंच नव्हतो. नऊ दिवसांत ते पहिलं खरं उत्तर होतं.

राहिली काकी. त्या संध्याकाळचा दहावा भाग तिने ऐकला, कारण नऊ-पाचला फोन आला. "आला, आला. घसा बसलाय तुझा. आल्याचा काढा घे." मी म्हटलं, काकी, पहिले नऊ आता नीट केलेत, सुनेला लावायला सांग, रोज एक जुना एक नवा.

"दोन नाय ऐकनार."

"का?"

"माझा नेम हाय. जेवनाच्या आधी एक भाग. दोन भाग आयकत बसले तर जेवन दहाला. मला पित्त होतं. आनी ते नऊ माझे झाले."

"कसे झाले? आवाजच नव्हता ना."

"मी तर होते? हात जोडून, पदर घेऊन, चौतीस मिन्टं बसले का नाय? आयकनारी जागेवर होती, वाचनाराच नव्हता. माझं श्रवन झालं. तुझं वाचन ऱ्हायलं, ते तुझं तू बघ."

तिने फोन ठेवला.

आता अडचण अशी. दहापासून पुढचे एकवीस भाग काकी ऐकत होती, त्याची मला खात्री होती, कारण रोज नऊ-पाचला तक्रार यायची. आज घाई केलीस. आज मागे कोनाचा कुत्रा होता. आज बरं वाचलंस, पन बापासारखं नाय. पहिले नऊ मात्र वाचले गेले होते आणि कोणी ऐकले असं खात्रीने म्हणता येत नव्हतं. हे एखाद्याला क्षुल्लक वाटेल. पण आमच्या ओटीवर हुंकाराशिवाय ओवी पुढे गेली नव्हती, आणि माझ्या हातून नऊ संध्याकाळच्या ओव्या रिकाम्या खोलीत पुढे गेल्या होत्या. पोथी पूर्ण झाली असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार? शेजारी, वॉचमन, ऑफिसातला एक मित्र, सगळे मनात घेऊन पाहिले. चौतीस मिनिटं गुणिले नऊ, म्हणजे पाच तास सहा मिनिटं. इतका वेळ माझ्यासमोर बसेल असा माणूस मला एकही आठवला नाही. हे मी कागदावर लिहून पाहिलं नाही. मनातच यादी लवकर संपली.

बाविसाव्या दिवसापासून मी असं केलं. रोजचा भाग वाचून पाठवला की गादी काढायची, फ्रिज चालू करायचा, पंखा लावायचा. मग पुढच्या खोलीत फोन टेबलावर ठेवून जुना एक भाग लावायचा आणि समोर खुर्चीवर बसायचं. पोथी हातात घ्यायची नाही. वाचणाऱ्याने पोथी बघायची, ऐकणाऱ्याने वाचणाऱ्याकडे. समोर बघायला फोन होता, त्याच्याकडे बघितलं.

पहिल्या ओवीच्या शेवटी फोनमधला मी थांबलो. दोन सेकंद. हे मला माहीत नव्हतं. वाचताना कधी लक्षात आलं नव्हतं की समोर कोणी नसताना, बंद खिडकीच्या खोलीत, घामाघूम होऊन, मी दर ओवीनंतर हुंकारासाठी थांबत होतो. बावन्न वर्षांच्या माणसाचा तो आवाज मला वाटतो त्यापेक्षा म्हातारा होता. तो थांबला होता आणि कोणीतरी काही म्हणावं म्हणून वाट बघत होता.

मी म्हटलं, "हं."

तो पुढे वाचू लागला.

पहिल्या दिवशी लाज वाटली. दार लावलेलं आहे ना, ते उठून पाहिलं. दुसऱ्या दिवशी वाटली नाही. चौथा भाग मी फार भराभर वाचला होता, भूक लागली असणार. सहाव्यात खोकला होता. तरी ऐकत राहिलो. मधे उठलो नाही, फोन वाजू नये म्हणून बायकोला आधीच सांगून ठेवलं होतं. तिने "कोण आलंय का?" विचारलं. मी नाही म्हटलं. तिसाव्या दिवशी, अमावास्येला, नवीन तिसावा भाग पाठवला आणि जुना नववा ऐकला. पोथी पूर्ण झाली. ग्रुपवर सतरा जणांनी हात जोडले, म्हणजे सर्वांत जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ आणि केळ्यांची फणी घेऊन मी बसने भुईगावला गेलो. काकीच्या घरापर्यंतची गल्ली इतकी अरुंद की समोरून स्कूटर आली तर कुंपणाला चिकटून उभं राहावं लागतं. काकी पडवीत बसली होती. पाय दुखतात म्हणून उठली नाही. मी पाया पडलो.

"सव्विसाव्या दिशी पोथीतल्या रानीचं बोलनं घाईत उरकलंस," ती म्हणाली. "तुझा बाप तिथं थांबायचा. डोळं पुसायचा."

"आठवतंय."

"आठवतंय तर मग थांबायचं."

सुनेने चहा आणला. काकीने कनवटीची गाठ सोडली आणि नाणी मांडीवर घेतली. आमच्यात पोथी संपली की वाचणाऱ्याला दक्षिणा ऐकणाऱ्याने द्यायची असते. दिवसाला एक रुपया. हा दर माझ्या आठवणीत कधी वाढलेला नाही. तिने एकेक रुपया मोजून माझ्या हातावर ठेवला. एकवीसला थांबली आणि गाठ मारू लागली.

सून म्हणाली, "आई, तीस ना?"

"एकवीस मी आयकले. एकवीसचे दिले."

"काकी," मी म्हटलं, "तूच म्हणालीस ना, तुझं नऊ दिवसांचं श्रवण झालं म्हणून?"

"झालंच. ते माझं आनी देवाचं. पैसं देयाचं ते वाचनाऱ्याचा आवाज कानात पडला तर. न आयकलेल्याचं कसं देऊ? बाजारात कोन देतं?" मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "ते नऊ कोनी आयकले का शेवटी?"

मी सांगितलं. "मीच ऐकले. रोज एक."

"एकटाच?"

"एकटाच."

"हुंकार दिलास?"

"दिला."

"समद्या ठिकानी?"

"जिथे जिथे तो थांबला तिथे."

सून आत निघून गेली. काकीने कनवटीची गाठ आवळली. मग तिने माझ्याकडे न बघता हात पुढे करून बोटं हलवली, दुकानात सुटे मागतात तशी.

"मग आयकनाऱ्यानं देयाचं. काढ."

"कोणाला देऊ?"

"वाचनाऱ्याला. माझ्यासमोर दे."

माझ्या पँटच्या खिशात एक पाचाचं नाणं आणि दोनाची दोन होती. मी ती बाहेर काढली, उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, तिथल्या एकवीसांत मिसळली आणि सगळे तिच्यासमोर मोजून शर्टाच्या खिशात ठेवले. वाचणाऱ्याला एकूण तीस रुपये मिळाले. एकवीस काकीने दिले. नऊ मी दिले.